जंत कुत्र्याच्या पोटात, गाठ माणसाच्या यकृतात

ओपीडीत त्या बाई आल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या पिशवीत तीन वेगवेगळ्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या होत्या. वय चाळिशीच्या आसपास. तक्रार एकच. उजव्या बरगडीखाली जड वाटतं, चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं होतं. वर्षभर पित्ताच्या गोळ्या चालू होत्या. पोट तपासताना यकृत बोटांना लागत होतं, म्हणून सोनोग्राफी करून घेतली. यकृतात मोसंबीएवढी पाण्याची पिशवी होती आणि तिच्या आत द्राक्षांसारख्या लहान लहान पिशव्या. असं चित्र दिसलं की निदानाला फार वेळ लागत नाही. हायडॅटिड सिस्ट.

मी विचारलं, ‘घरी कुत्रा आहे का?’

सोबत आलेले त्यांचे पती हसले. ‘मेंढरं हायती म्हणल्यावर कुत्रं असणारच की, डॉक्टर.’

‘मेंढरू कापल्यावर कलेजीत पाण्याच्या गाठी निघाल्या, तर त्याचं काय करता?’

‘कुत्र्याला टाकतो. आपण खायाचं न्हाई ते त्याला.’

बाईंच्या आजाराचं मूळ या दोन उत्तरांत होतं. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी रुग्णांना हा प्रश्न विचारत नव्हतो, हेही इथे कबूल केलं पाहिजे. ताप किती दिवस, शी-शू व्यवस्थित होते का, बिडी-तंबाखू आहे का, हे सगळं विचारायचो. घरातल्या कुत्र्याला जंताचं औषध शेवटचं कधी दिलं, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. आज सुचतं, ते अशाच काही रुग्णांनी शिकवलं म्हणून.

रेबीजची भीती आपल्याकडे सगळ्यांना आहे आणि ती असायलाच हवी. पण कुत्रा चावला तर ते कळतं. त्याच्या पोटातले जंत आपल्यापर्यंत पोचतात तेव्हा काहीच कळत नाही. ना जखम, ना दुखणं. म्हणूनच कुत्र्यामांजरांच्या जंतांबद्दल माणसांच्या डॉक्टरने लिहायला हवं, असं वाटतं.

तांदळाच्या दाण्याहून लहान कृमी

हायडॅटिड ज्याच्यामुळे होतो तो पट्टकृमी फार तर सहा-सात मिलिमीटर लांब असतो. शास्त्रीय नाव एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस. तो कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. अशा शेकडो, कधी हजारो कृमी एका कुत्र्यात असू शकतात आणि तरीही कुत्रा ठणठणीत दिसतो. खातो, भुंकतो, राखण करतो. त्याच्या विष्ठेतून मात्र या कृमींची सूक्ष्म अंडी बाहेर पडत राहतात.

ती अंडी गवतावर, पाण्यात पडतात. मेंढ्या, शेळ्या, गुरं चरताना ती गिळतात. अंड्यातून निघालेली अळी आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरते आणि यकृतात किंवा फुफ्फुसात अडकून तिथे पाण्याची पिशवी तयार करते. जनावर कापल्यावर ती पिशवी कुत्र्याला खायला मिळाली, की आतल्या असंख्य सूक्ष्म डोक्यांतून कुत्र्याच्या पोटात पुन्हा नवे कृमी तयार होतात. साधारण सहा-सात आठवड्यांत त्यांची अंडी बाहेर पडू लागतात. कुत्रा, मेंढी, पुन्हा कुत्रा असं हे चक्र आहे.

माणूस या चक्रात चुकून येतो. कुत्र्याच्या अंगावरच्या केसांना अंडी चिकटलेली असतात. आपण त्याला कुरवाळतो आणि त्याच हाताने भाकरी खातो. शेतातली मेथी, कोथिंबीर नीट न धुता खातो. उघड्या डबक्याचं पाणी पितो. मग मेंढीच्या यकृतात जे झालं असतं ते आपल्या यकृतात होतं. बहुतेक रुग्णांत गाठ यकृतात असते, त्याखालोखाल फुफ्फुसात. क्वचित मेंदूत, हाडातही.

ही गाठ सावकाश वाढते. लहानपणी पोटात गेलेल्या अंड्याची गाठ चाळिशीत सापडते, ती यामुळेच. तोवर काही त्रास नसतो. पण गाठ फुटली, तर आतल्या द्रवामुळे जिवावर बेतेल अशी तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते आणि पोटभर नव्या गाठी पसरतात. म्हणून यकृतात पाण्याची पिशवी दिसली तर पुरेशी तपासणी न करता तिच्यात सुई घालू नये, असं आम्ही विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. उपचार आहेत. गाठीचा आकार आणि अवस्था पाहून अल्बेंडाझोल, सोनोग्राफीखाली खास पद्धतीने सुईने द्रव काढणं किंवा शस्त्रक्रिया. काही निष्क्रिय झालेल्या गाठींवर नुसती नजर ठेवली तरी चालते.

दोन गैरसमज इथेच दूर करतो. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. रुग्णाचं ताट-तांब्या वेगळं ठेवायची गरज नाही. आणि मटण खाल्ल्याने माणसाला हायडॅटिड होत नाही. गाठ असलेली कलेजी धोकादायक आहे ती कुत्र्याने कच्ची खाल्ली तर. माणसाला लागण होते ती कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमधून.

गोंडस पिल्लू आणि वाट चुकलेली अळी

शहरातले वाचक म्हणतील, आमच्याकडे मेंढरं नाहीत, आमचा कुत्रा दुकानातलं खाणं खातो. तरीही पुढचा जंत तुमच्यासाठीच आहे.

कुत्र्यांमध्ये सगळीकडे आढळणारा गोलकृमी म्हणजे टॉक्सोकारा. पांढुरका, दोऱ्यासारखा, दहा ते अठरा सेंटिमीटर लांब. मांजरांत त्याचाच भाऊबंद असतो. पिल्लाला ही लागण बाहेरून व्हावी लागत नाही. कुत्रीच्या शरीरात सुप्त पडून असलेल्या अळ्या गाभणपणी जाग्या होतात आणि नाळेतून थेट पिल्लांमध्ये जातात, नंतर दुधातूनही जातात. मांजरीच्या पिल्लांना त्या दुधातून मिळतात. म्हणजे कितीही स्वच्छ घरात जन्मलेलं, कितीही महाग जातीचं पिल्लू असलं, तरी त्याच्या पोटात जंत आहेत असं धरूनच चालावं. पोट फुगलेलं, अंग वाळलेलं, केस राठ, मधूनच उलटीत शेवयांसारखे जंत, ही लक्षणं जंत फार झाल्यावर दिसतात. बरीच पिल्लं वरवर छान दिसतात.

एक मादी कृमी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालू शकते. ती विष्ठेतून बाहेर पडतात, पण लगेच धोकादायक नसतात. मातीत साधारण दोन ते चार आठवडे गेले की त्यांच्यात अळी तयार होते. मग मात्र ती अंडी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं मातीत टिकतात. वरची विष्ठा पावसाने वाहून जाते, जागा स्वच्छ दिसते, अंडी तिथेच असतात. बागेतली वाळू, सोसायटीच्या कडेची माती, अंगणातला कोपरा, जिथे मुलं खेळतात त्याच या जागा.

मूल मातीचे हात तोंडात घालतं आणि अंडी पोटात जातात. कुत्र्यात या अळीला पुढचा रस्ता ठाऊक असतो. माणसाचं शरीर तिच्या ओळखीचं नाही. तिथे ती मोठी होऊन जंत बनू शकत नाही, नुसती भटकत राहते, यकृतात, फुफ्फुसात, क्वचित डोळ्यात. बहुतेक मुलांना काहीच होत नाही. काहींना बारीक ताप, खोकला, छातीत घरघर, यकृताला सूज येते आणि रक्तात इओसिनोफिल पेशी खूप वाढतात. अशा मुलाला कधी दमा म्हणून, कधी अ‍ॅलर्जी म्हणून औषधं मिळत राहतात. शौचाची तपासणी केली तर ती निर्दोष येते, कारण जंत आतड्यात नसतोच. मग रक्ताची खास तपासणी लागते आणि त्याआधी ‘घरात पिल्लू आणलंय का, मूल माती खातं का’ हा प्रश्न लागतो.

डोळ्यात गेलेली अळी सर्वांत वाईट. सहसा एकाच डोळ्याला त्रास होतो. मूल तक्रार करत नाही, कारण दुसरा डोळा चांगला असतो. अचानक तिरळेपणा दिसतो किंवा फोटोत बुबुळ पांढरट चमकतं. हेच लक्षण डोळ्याच्या कर्करोगाचंही असू शकतं. १९५० साली अमेरिकेत हेलेनॉर वाइल्डर या संशोधिकेने मुलांचे काढून टाकलेले ४६ डोळे सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासले. त्यांपैकी २४ डोळ्यांमध्ये कृमींच्या अळ्यांच्या खुणा सापडल्या. आज तपासण्या सुधारल्या आहेत. पण मुलाच्या डोळ्यात पांढरी चमक किंवा नवा तिरळेपणा दिसला, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जा, हा सल्ला तेव्हाइतकाच आजही लागू आहे.

आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती जरूर घ्यावी. पण ती माणसाच्या आतड्यातल्या जंतांसाठी आहे. कुत्र्याच्या जंताची भटकी अळी त्या एका गोळीने आटोक्यात येत नाही. तिच्यावरचा खात्रीचा इलाज म्हणजे गोळी मुलाच्या आधी कुत्र्याला देणं.

पायाला चिकटणारा आणि पिसवांवर स्वार होणारा

तिसरा जंत अंकुशकृमी. कुत्र्याच्या आतड्याला चावून तो रक्त पितो. लहान पिल्लू यामुळे इतकं पांढरं पडतं की दगावूही शकतं. हिरड्या फिक्या, शी काळसर, पिल्लू मलूल, असं दिसलं तर उद्यावर ढकलू नये. याच्या अळ्या ओलसर मातीत, वाळूत असतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. माणसाच्या कातडीत त्यांना पुढे जाता येत नाही. मग त्या कातडीखाली नागमोडी रेघा ओढत फिरतात. समुद्रकिनारी अनवाणी फिरून आलेल्या माणसाच्या तळपायावर लाल, भयंकर खाजरी आणि रोज थोडी पुढे सरकणारी रेघ दिसली, तर ती बहुधा हीच. औषधाने ती लवकर बरी होते. नायटा समजून स्टिरॉइडचं मलम चोळत बसू नये.

चौथा, कुत्र्यामांजरांत अगदी नेहमीचा पट्टकृमी. त्याचे तुटलेले तुकडे शेपटीखालच्या केसांना किंवा अंथरुणावर काकडीच्या बियांसारखे, वाळल्यावर तांदळाच्या दाण्यांसारखे दिसतात. तो पसरतो पिसवांमधून. कुत्रा अंग चावताना पिसू गिळतो आणि तिच्या पोटातली अळी त्याच्या पोटात जाते. पिल्लाशी लोळणाऱ्या लहान मुलाच्या तोंडात पिसू गेली तर त्यालाही होतो, सुदैवाने त्रास किरकोळ असतो. लक्षात ठेवायचं ते एवढंच की पिसवा गेल्या नाहीत, तर गोळी देऊनही हा जंत परत येणार.

मांजर घराबाहेर काढायचं का?

वर्षातून दोन-चार वेळा तरी एखादं तरुण जोडपं हा प्रश्न घेऊन येतं. दिवस राहिलेले असतात आणि शेजारी, नातेवाईक, कधी डॉक्टरसुद्धा सांगतात, मांजर देऊन टाका. कारण टॉक्सोप्लाझ्मा. हा जंत नव्हे, एकपेशीय परजीवी आहे. गर्भारपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो, हे खरं.

पण बाकीचंही ऐकून घ्यावं. मांजर हे परजीवी बाहेर टाकतं ते सहसा आयुष्यात पहिल्यांदा लागण झाल्यावर, एक ते तीन आठवडे. बाहेर पडल्यावर ते धोकादायक व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणजे मांजराचा शीचा ट्रे रोजच्या रोज आणि घरातल्या दुसऱ्या कुणी साफ केला, तर धोका बराच कमी होतो. मांजराच्या केसांतून, मांडीवर बसल्याने हा रोग येत नाही. अर्धवट शिजलेलं मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांपासून गर्भवतीने जास्त जपावं. मांजराला कच्चं मांस घालू नये, उंदीर मारायला बाहेर सोडू नये. एवढं पाळलं तर मांजर घरात राहू शकतं. माती हाताळताना हातमोजे घालावेत आणि रक्ताच्या तपासणीत ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ एवढंच आलं तर घाबरून जाऊ नये. बहुतेक वेळा ती जुन्या लागणीची खूण असते. अर्थ आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

नक्की काय करायचं?

पिल्लाला पहिलं जंताचं औषध दोन आठवड्यांचं असताना, मांजराच्या पिल्लाला तीन आठवड्यांचं असताना. मग साधारण दोन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. त्याच वेळी आईलाही. मोठ्या प्राण्याला सर्वसाधारणपणे दर तीन महिन्यांनी. ही ढोबळ पद्धत झाली. तुमच्या प्राण्यासाठी औषध आणि वेळापत्रक पशुवैद्यकांनी ठरवावं, कारण सगळे जंत एका गोळीने मरत नाहीत. गोलकृमींवर चालणारी काही औषधं पट्टकृमींना लागू पडत नाहीत. हायडॅटिडच्या कृमीसाठी प्राझिक्वांटेल लागतं, आणि कच्चं मांस-आतडी खाणाऱ्या कुत्र्याला ते दर दीड महिन्याने द्यावं लागू शकतं. प्राझिक्वांटेलने कृमी मरतो, अंडी मरत नाहीत. म्हणून औषध दिल्यावर दोन दिवस कुत्र्याला बांधून ठेवून विष्ठा खोल पुरावी किंवा जाळावी.

आपल्यासाठी आणलेली गोळी अंदाजाने अर्धी करून कुत्र्याला देऊ नका. मात्रा वजनावर असते. कोलीसारख्या काही जातींना आयव्हरमेक्टिनची जास्त मात्रा जिवावर बेतू शकते.

विष्ठा रोज उचला. टॉक्सोकाराच्या अंड्यांना तयार व्हायला आठवडे लागतात, हीच आपल्याला मिळालेली सवड आहे. सकाळी कुत्र्याला फिरवताना सोबत पिशवी न्यायला लाज वाटू नये, उलट ती नसली तर वाटावी. मुलांच्या खेळायच्या वाळूवर रात्री ताडपत्री झाका. प्राण्याला हात लावल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. कुत्र्याला तोंड चाटू देऊ नका. पालेभाजी वाहत्या पाण्यात धुवा.

ज्यांच्या घरी किंवा गावात जनावर कापलं जातं, त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. गाठी असलेली कलेजी, फुफ्फुस कुत्र्याला कच्चं टाकू नका. कुत्र्याला उकरता येणार नाही इतक्या खोल पुरा किंवा जाळा. आतडी-फुफ्फुस घालायचंच असेल तर चांगलं अर्धा तास उकळून घाला. खाटीकखान्यामागे जमणाऱ्या मोकाट कुत्र्यांना काय मिळतं, हा प्रश्न ग्रामसभेत आणि नगरपालिकेत विचारायला हवा.

आइसलँडची गोष्ट

हे लोकांना जमेल का, असं कुणी विचारलं तर मी आइसलँडची गोष्ट सांगतो. एकोणिसाव्या शतकात त्या मेंढपाळांच्या देशात हायडॅटिडने कहर केला होता. १८६३ मध्ये हॅराल्ड क्राबे हे डॅनिश वैद्यक तिथे गेले. त्यांनी १०० कुत्र्यांची आतडी तपासली, २८ कुत्र्यांत हा कृमी निघाला. त्यांनी साध्या भाषेत एक पुस्तिका लिहिली आणि ती घरोघरी फुकट वाटली गेली. त्यात सांगायचं होतं ते असं की मेंढीतल्या गाठी कुत्र्याला खाऊ देऊ नका, कुत्र्यांना जंताचं औषध द्या. पुढे कायदेही झाले, मेंढ्या लवकर कापण्याची पद्धत आली, आणि काही दशकांत नव्या पिढीत हा रोग दिसेनासा झाला. तेव्हा ना सोनोग्राफी होती, ना अल्बेंडाझोल.

आपल्याकडे हे दोन्ही आहे. अडचण वेगळी आहे. माणसांचा दवाखाना एका खात्याचा, जनावरांचा दुसऱ्या खात्याचा. गाठ माझ्याकडे येते, कुत्रा तिकडे जायला हवा असतो, आणि त्याला तिकडे पाठवायची पद्धत आमच्या केसपेपरवर छापलेली नाही.

त्या बाईंना आधी अल्बेंडाझोल दिलं, मग शस्त्रक्रिया झाली. घरी जायच्या दिवशी त्यांच्या पतींनी विचारलं, ‘हिच्या गोळ्या झाल्या. कुत्र्यांचं काय?’ आमच्या औषधखिडकीत कुत्र्यांसाठी काही नव्हतं. मी केसपेपरच्या मागे लिहिलं, ‘तीन कुत्री, मालकिणीला हायडॅटिड, कृपया प्राझिक्वांटेल द्यावे’, आणि खाली त्यांच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचं नाव लिहून दिलं. घरातल्या बाकी चौघांच्याही सोनोग्राफी करून घेतल्या. चौघांच्याही निर्दोष आल्या.

चार महिन्यांनी बाई तपासणीला आल्या. वजन वाढलं होतं, जेवण चांगलं जात होतं. पतींनी खिशातून तोच कागद काढला. घड्यांवर फाटायला आला होता. माझ्या अक्षराखाली पशुवैद्यकांनी तीन कुत्र्यांसाठी तीन ओळी आखून तारखा टाकल्या होत्या, प्रत्येक ओळीत दोन-दोन. ‘खड्डा बी खणलाय वाड्यामागं,’ ते म्हणाले. ‘पुढली तारीख पंधरा दिवसांवर आलीय. तुमच्याकडं यायचं का तिकडं जायचं?’

‘तिकडे,’ मी म्हणालो. ‘आणि शेजारच्या वाड्यावरच्या कुत्र्यांनाही घेऊन जा.’